हळदीच्या मांडवात कावीळ

"बंद कर तो माईक! आधी माईक बंद कर! माज्या पोरीच्या हलदीला कावील बोलावते हाय ही बाय!"

नवरीची आई कमळाबाई मांडवाच्या मधोमध उभी राहून ओरडत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीनं माखलेले, अंबाडा सुटलेला, नथ गालावर आलेली. पाटावर नवरी डोक्यापासून टाचेपर्यंत पिवळीधमक होऊन बसलेली. आणि तिच्यासमोर मांडी घालून, डोळे घट्ट मिटून, कॉर्डलेस माईक आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून माझी आत्या गातच होती. डीजेचे स्पीकर भिंतीएवढे. त्यामुळे कावीळ नुसती मांडवात आली नाही, ती आमची गल्ली ओलांडून, समोरचा तिसाव्या मजल्यापर्यंत उभा असलेला टॉवर चढून, तिथल्या जिममध्ये पळणाऱ्या लोकांच्या कानांत शिरून पार तुर्भ्याच्या कारखान्यांपर्यंत पोचली. तिथं म्हणे दुपारपाळीची माणसं एकमेकांचे डोळे तपासत होती.

माझ्या आत्यासारखी बाई ठाण्याच्या खाडीच्या या काठावर दुसरी झाली नाही, आणि त्या काठावर झाली असती तर तिचा आवाज आम्हाला इथं ऐकू आला असता. आत्या धवलारीण आहे. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात मंगलाष्टकं भटजी म्हणतो, सही रजिस्ट्रार घेतो, फोटो काढणारा तर नवरानवरीला सर्कशीसारखं नाचवतो. पण या सगळ्यांच्या आधी धवलारीण बसते आणि धवले म्हणून एकेका देवाला मांडवात बोलावते. ती बोलावणार नाही तोवर देव येणार नाहीत, आणि देव येणार नाहीत तोवर आमच्याकडे मटणाच्या टोपाखाली कुणी जाळ लावत नाही, एवढं हे महत्त्वाचं. आत्याला अक्षरओळख बसची पाटी वाचण्यापुरती. पण देव किती पाठ आहेत म्हणाल, तर देवांनासुद्धा एकमेकांची एवढी नावं ठाऊक नसतील. प्रत्येक देवाचं ठाणं कुठं, वाहन कोणतं, नैवेद्य काय लागतो आणि लग्न लागल्यावर त्याची पाठवणी कशी करायची, हे सगळं तिच्या जिभेवर. "नाव येक चुकलं ना पोरा, का तो देव उंबऱ्याबाहेर हुबा रातो," असं ती मला लहानपणापासून सांगत आली आहे. आमच्या लग्नात माझ्या सासुरवाडीच्या कुलदैवताचं नाव भटजी चुकला तेव्हा तिनं अंतरपाटाच्या वरून हात घालून त्याचा कान धरला होता. भटजीनं आजतागायत तो कान आमच्या गल्लीत आणलेला नाही. येतो तेव्हा मफलर बांधून येतो.

अशा या बाईच्या तोंडी रोग कसे गेले, तर त्याला कारण तिची सून. शीतल साताऱ्याकडची, बी.एस्सी. झालेली, बोलायला मऊ. लग्नानंतर तिला महाप्याला नोकरी लागली. काम असं, की तिकडे परदेशात कुणाच्या तरी पोटात दुखतं, तिथला डॉक्टर ते लिहून ठेवतो, आणि महाप्याला एसीत स्वेटर घालून आमची शीतल त्या दुखण्याला नंबर देते. मग विम्याचे पैसे सुटतात. या कामासाठी आधी वैद्यकीय शब्दांची शाळा असते. शीतल घरी आली की कांदा चिरता चिरता घोकायची, "कार्डिओ म्हणजे हृदय, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, आयटिस म्हणजे सूज." आत्या बाजूला बोंबील साफ करत बसलेली. एक दिवस ऐकलं, दुसऱ्या दिवशी ऐकलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "शितल, तू अशी काय भाजीवाल्याला हिशेब सांगल्यासारखी बोलतेस? यांचं ठानं सांग, नैवेद सांग. तवा डोक्यान बसतील."

आणि बसवलेच तिनं. हायपरटेन्शन, ठाणं रक्ताच्या नळीत, नैवेद्य मीठ, पापड, खारवलेली सुकट. डेंग्यू, ठाणं कुंडीच्या साचलेल्या पाण्यात, वाहन डास, तोसुद्धा दिवसाढवळ्या चावणारा. कॉलरा, वाहन पाणी, पाठवणी मीठसाखरेच्या पाण्यानं आणि ताबडतोब दवाखान्यानं. धवल्याची चाल तीच, मान डोलवणं तेच, फक्त गणपतीच्या जागी गॅस्ट्रायटिस. सासू गायची आणि सून मागून ओळ उचलायची. परीक्षेत शीतल वर्गात पहिली आली; पेपर लिहिताना ती पुटपुटत डोलत होती म्हणून पर्यवेक्षकानं तिला दोनदा पाणी आणून दिलं.

शीतलची परीक्षा संपली, आत्याची मात्र सुरू झाली. तिला वेडच लागलं. आयटिस लागणारे सगळे रोग तिनं एका घराण्याचे ठरवले: "ज्याच्या नावान आयटिस, त्याचं कुलदैवत सूज." एक्टमी म्हणजे कापून काढणं, हे कळल्यावर तर आठवडाभर गावात कशाचीच धडगत नव्हती. गल्लीतलं जांभळाचं झाड तोडलं ती जांभळेक्टमी. माझ्या मिशा उतरवल्या ती मिशेक्टमी. पण तिचा सगळ्यात लाडका शब्द इडिओपॅथिक. कारण माहीत नसलेला, असा त्याचा अर्थ शीतलनं सांगितला, तेव्हा आत्या सुपारी खायची थांबली. म्हणाली, "म्हंजे डॉक्टरला ठावं नाय, आनि तो तसं कागदावर लिवून देतो? यवढा इमानदार शबुद मी उभ्या जल्मान आयकला नाय." मग बस उशिरा आली, इडिओपॅथिक. नळाला पाणी नाही, इडिओपॅथिक. माझा मेहुणा नोकरी का करत नाही, तर तेही इडिओपॅथिक, आणि त्याला औषधही नाही.

एकदा समोरच्या टॉवरच्या सोसायटीत मोफत आरोग्य शिबिर होतं. आत्या इरकल नेसून, नवरा गेल्यावरही न सोडलेली अबोली केसात माळून सगळ्यात आधी हजर. रक्तदाब मोजणाऱ्या मुलीला म्हणाली, "वरचा सांग, खालचा सांग, आनि बसून मोजलास का हुबं राहून ते पन सांग." साखर झाली, डोळे झाले, हाडं झाली, प्रत्येक टेबलावर ती नाव, ठाणं आणि नैवेद्य विचारून मगच उठत होती. मागे रांग गेटबाहेर गेली. शेवटच्या डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "मावशी, तुम्ही नर्स होता का?"

"नाय. धवलारीन."

डॉक्टरांना वाटलं ही एखादी नवीन पदवी असेल. त्यांनी आदरानं मान झुकवली.

ती नेहमी बरोबर असे, असं मात्र कुणी समजू नये. माझ्या धाकट्याचं पोट पुढं आलेलं बघून तिनं पोटात पाणी झाल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात त्यात लागोपाठ खाल्लेले वडे होते. साखरपुड्याच्या पंगतीत आमच्या एका काकाला घाम फुटला, तर आत्यानं त्याला उताणा पाडून, गुंड्या काढून, रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं. तिथं निघालं, की काकानं ठेच्याची वाटी खोबऱ्याची चटणी समजून संपवली होती. काका अजून तिच्याशी बोलत नाहीत. आत्याचं म्हणणं, "नसला तर नसला. असता तर?"

तर ही बाई कमळाबाईच्या मुलीच्या हळदीला बसली. कमळाबाई आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आत्याला आक्का म्हणणारी, वाटीभर कालवण पाठवल्याशिवाय स्वतः न जेवणारी. आत्यानं गणरायाला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, एकवीरेला बोलावलं, डोंगरावरचे झाले, खाडीवरचे झाले. गाताना ती डोळे मिटते. आणि कित्येक महिने रोज संध्याकाळी त्याच चालीवर ज्यांना ओवलं होतं, ते एकदम रांगेत पुढे सरकले.

"आवतन माजं हायपरटेन्शनाला गो, मिठाच्या पायी चालत यावं..."

आमच्याकडे धवलारणीच्या मागे बसलेल्या बायांचं काम एकच, तिनं टाकलेली ओळ उचलायची. अर्थ बघायचा नाही, सूर बघायचा. त्यांनी इमानेइतबारे उचलली, "चालत यावं गोऽऽ." मग आर्थ्रायटिस आला. तोही उचलला. मग हेपॅटायटिस. माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं हात जोडले. तिला वाटलं, ही तिकडे डोंगरापलीकडची कुणी देवी असेल, आपल्याला माहीत नाही म्हणून काय झालं. शीतल तेवढी हळदीचं ताट धरून पांढरीफटक पडली होती आणि "आई, आई" करत खुणा करत होती. पण मिटलेल्या डोळ्यांना खुणा दिसत नाहीत. आणि आत्याला रोग ओवायचा म्हणजे त्याचं मराठी नाव सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तिनं पुढची ओळ टाकली: हेपॅटायटिस बाय ती, कावील तिचं माहेरचं नाव, पिवल्या अंगानं मांडवी यावं.

पिवळ्या अंगानं! समोर नवरी नखशिखांत पिवळी! तिथून पुढे कमळाबाईचं ते ओरडणं, ज्यापासून मी सुरुवात केली.

माईक हिसकावला गेला तेव्हा आत्यानं डोळे उघडले. काय झालं ते शीतलनं कानात सांगितलं. आत्याचा चेहरा एक क्षण उतरला, पण एकच क्षण. मग म्हणाली, "बोलावलेला पावना उठवता येतो गो कमला. थांब, पाठवनी बोलते. उकालून पानी पी, हात धुऊन जेव, सुई कोनाची वापरू नको, का गेली कावील." पण तोवर डीजे सुरू झाला होता आणि त्यात पाठवणी बुडाली. आत्या काहीतरी गात असलेली दिसत होती, ऐकू मात्र येत नव्हती. तसं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असावं.

दुसऱ्या दिवशी कमळाबाई चार बायांना घेऊन आत्याच्या ओट्यावर आली. आवाज खालच्या पट्टीत होता, आणि तेच वाईट होतं. "आक्का, गावदेवीसमोर बोल, का ही रोगांची नावं मी सोडली. तोंडान आननार नाय. नायतर आजपासून गावान कनच्याच मांडवान तुना बोलावनार नाय."

मला वाटलं, संपलं. आत्या बोलून टाकेल. धवले सोडणं म्हणजे तिच्यासाठी श्वास सोडणं. लग्नाचा हंगाम म्हणजे तिचं वर्षभराचं जगणं. तिला त्याचे पैसे मिळतात असं नाही, नारळ, लुगडं आणि पहिल्या पंगतीचा मान एवढंच. पण त्या मानासाठी ती तापात उठून गेलेली आहे, पायाला प्लास्टर असताना टेम्पोत बसून उरणला गेलेली आहे. मी तिच्याकडे बघितलं. तिनं सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाली, "देवाची नावं तुमच्यासाठी बोलते. रोगाची माज्यासाठी. माजी मी नाय सोडत."

आणि हंगाम तिच्या दारावरून निघून गेला. गावात मांडव पडत होते, उठत होते. धवलारीण दुसरी नाही, म्हणून कुणीतरी धवले भरलेला पेनड्राइव्ह आणला. तो सगळ्या लग्नांना फिरू लागला. आत्या ओट्यावर बसून ऐकायची. ते धवले भलत्याच गावाचे, त्यात आमच्या गावदेवीचं नावच नाही. पेनड्राइव्ह गावदेवीची जागा ओलांडून पुढे गेला, की आत्या ओट्यावरून खड्या आवाजात ते नाव घालायची. "मशीन विसरलं म्हून देवीनं उपाशी रावाचं काय?" असं मला म्हणायची. हसून म्हणायची, पण अबोली माळणं तिनं सोडलं होतं, आणि आयटिसांच्या घराण्याबद्दलही ती हळूहळू कमी बोलू लागली. मी टिंगल करायला म्हणून एकदा विचारलं, "काय आत्या, आज कुणाची एक्टमी?" तर म्हणाली, "राहू दे रं." मला माझा मेहुणा नोकरीला लागला असता तरी एवढा धक्का बसला नसता.

पावसाळा सरला आणि एका सकाळी मला फोन आला. कमळाबाई. तिच्या नवऱ्याला, नानाला, चालताना छातीवर दडपण येत होतं म्हणून वाशीच्या एका हॉस्पिटलात नेलं होतं. मुलगा उरणकडे बंदरात ड्युटीवर, निघाला होता पण कंटेनरच्या गर्दीत अडकला होता. "डॉक्टर कायतरी बोलला रं. लय बोलला. सही मागतो हाय. मना काय कललं नाय." मग, "तुजी आत्या घरान हाय काय?"

फोनमधला आवाज ऐकूनच आत्या दारात चपला घालत होती. मी काही सांगायच्या आत.

डॉक्टर तरुण होता, चांगला होता, पण दमलेला. त्यानं पुन्हा सगळं सांगितलं: अँजिओग्राफी, ब्लॉकेज, अँजिओप्लास्टी, स्टेंट, ब्लड थिनर. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तिला त्यातले निम्मे शब्द येत होते आणि निम्मे येत नव्हते, हे मला तिच्या भुवयांवरून कळत होतं. मग तिनं पदर खोचला. "डॉक्टरसायेब, ठानं सांगा."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "म्हणजे कुठं आहे ते."

त्यानं कागदाच्या पाठीवर हृदय काढलं, नळ्या काढल्या, जिथं नळी चिंचोळी झाली होती तिथं पेन टेकवलं. मग आत्यानं वाहन विचारलं, म्हणजे तिथून काय जातं आणि अडलं तर काय होतं. मग नैवेद्य विचारला.

"काय खाऊन झालं? बघा, साखर आहे, वय आहे. आणि मुख्य म्हणजे विडी."

"विडी?" कमळाबाई म्हणाली. "ती तर यांनी कवाच सोडली."

"मला तर म्हणाले, आज सकाळपर्यंत ओढली."

पलंगावर नानानं डोळे मिटले आणि आपण गंभीर आजारी आहोत असा चेहरा केला. कमळाबाईनं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यापुढे ब्लॉकेज म्हणजे काहीच नव्हे.

शेवटी पाठवणी. मनगटातून बारीक तार नेणार, फुगा फुगवणार, जाळी बसवणार. धोका काय, तोही आत्यानं विचारला आणि डॉक्टरनं लपवला नाही. घरी गेल्यावर कुठली गोळी एक दिवसही चुकवायची नाही, तेही विचारलं. आणि मग तिनं एक केलं. डॉक्टरचं एक वाक्य झालं, की हात वर करून त्याला थांबवायचं आणि कमळाबाईकडे वळायचं: "उचल." कमळाबाईला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. जन्मभर मांडवात ओळी उचललेली बाई ती. तिनं डॉक्टरचं वाक्य आपल्या बोलीत परत म्हटलं. चुकलं तिथं डॉक्टरनं सुधारलं. पुन्हा उचललं. थोड्या वेळानं त्या दोघींच्या माना डोलू लागल्या, आणि मी शपथेवर सांगतो, डॉक्टरची पण. बाजूच्या पलंगावरच्या पेशंटची बायको सरकून जवळ आली आणि तीही उचलू लागली. तिच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, पण तिला ते चाललं. डॉक्टर म्हणाला, "असं सगळ्यांनी म्हणून दाखवलं, तर माझं काम निम्मं होईल." मग कमळाबाईनं सही केली. या वेळी आपण कशावर सही करतोय हे तिला माहीत होतं.

नाना आता बरा आहे. सकाळी टॉवरच्या बागेत चालतो, कमळाबाई मागून चालते, आणि दर वळणावर त्याच्या खिशांची झडती घेते.

दिवाळीनंतर ती आत्याच्या ओट्यावर आली. या वेळी एकटी, हातात नारळ. मुलाचं जमलं होतं. "आक्का, हलदीला बसायचं हाय तुना. काय बोलायचं ते बोल. मी आडवनार नाय." आत्यानं नारळ घेतला, कपाळाला लावला आणि मांडीवर ठेवला. समोर टॉवरच्या काचांवर ऊन उतरत होतं. मी आत चहा टाकायला उठणार, तेवढ्यात कमळाबाई म्हणाली, "येक शबुद बोलली असतीस तवा, का सोडली नावं, तर अख्खा सीझन अशी घरान बसली नसतीस. कशासाठी गो यवढा हट्ट?"

आत्या नारळाची शेंडी नीट करत होती.

"आमचे हे गेले, तवा डॉक्टर मनाच सांगत व्हता," ती म्हणाली. "मी नुसती व्हय व्हय बोलले."